मोलगीच्या बाजारातले दोन कॅमेरे

मुलांनो, आज आपण सातपुड्यात जाऊ या. चपला घालायची गरज नाही, बसल्या जागेवरून येता येईल. दसरा तोंडावर आला आहे, असं समजा. डोंगरावरचं धुकं नुकतंच वर सरकलं आहे आणि खाली मोलगीचा बाजार भरतो आहे. जीपगाड्यांच्या टपांवरून टोपल्या उतरताहेत. पिकल्या सीताफळांचा गोड वास हवेत आहे. पाय बांधलेल्या कोंबड्या पोत्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याकडे रागाने बघताहेत. दिसलं?

आता त्या लाल मिरचीच्या ढिगाकडे पाहा. ढिगासमोर एक मुलगी उकिडवी बसली आहे. ओढणी कमरेला खोचलेली, एक डोळा मिटलेला, आणि हातात साबणाच्या वडीएवढा चंदेरी कॅमेरा. ही सोनम. ती इथल्याच आश्रमशाळेत चौथीला शिकवते. आपल्या गावचा बाजार मुलांना वर्गाच्या भिंतीवर दिसावा, म्हणून ती फोटो काढत होती. पण अख्खा ढीग काही चौकटीत मावेना. ती थोडी मागे सरकली. अजून थोडी. अजून...

धाड!

मागे एक घडीचं टेबल होतं. त्यावरची मोबाईलची कव्हरं, चार्जर, काचा, सगळं खाली घरंगळलं. टेबलामागचा मुलगा कव्हरांकडे पाहायचं सोडून तिच्या हाताकडेच पाहत राहिला.

"हाई डबडं अजून चालस का, मॅडम?"

शहाद्याकडची अहिराणी होती ती. सोनम शहाद्याच्या कॉलेजात शिकलेली, तिला शब्दन् शब्द कळला. कव्हरं गोळा करता करता ती म्हणाली, "डबडं नाही, कॅमेरा आहे. आणि तुमच्या टेबलापेक्षा तरी धड उभा राहतो."

त्याचं नाव धर्मेंद्र. त्याचं कुटुंब मूळचं इकडचंच, पावरा आदिवासी. पण वडील साखर कारखान्यात कामाला लागले आणि तो शहाद्यातच वाढला. मोबाईलचं सामान आणि फोटो छापायचं एक छोटं यंत्र घेऊन तो गेल्या महिन्यापासून मोलगीच्या बाजाराला येत होता. त्याचा फोन नवा होता, पाठीवर तीन भिंगं. हे तीन डोळे असताना लोक जुन्या कॅमेऱ्यांना का जपून ठेवतात, हे त्याला खरंच समजत नव्हतं. त्याने तसं म्हटलं. सोनमने ते काही ऐकून घेतलं नाही.

मग काय, तिथेच पैज लागली. दोघांनी त्याच मिरचीचा फोटो काढायचा, आणि हरेल त्याने सीताफळ द्यायचं.

धर्मेंद्रच्या फोनमधली मिरची लालभडक, चकचकीत, जणू आतून दिवा लावलेला. सोनमच्या कॅमेऱ्यातली जरा मळकट, पण तिच्या एकेका सालीवरची सुरकुती मोजून घ्यावी इतकी स्वच्छ. निकाल द्यायला मिरचीवाल्या रूपलीबाईंना बोलावलं. त्यांनी दोन्ही फोटो लांब धरून पाहिले, जवळ धरून पाहिले. मग फोनकडे बोट दाखवून म्हणाल्या, की हा ढीग जास्त भावाने जाईल आणि तो दुसरा ढीग माझा आहे.

आता जिंकलं कोण? दोघांनी एकमेकांना सीताफळ दिलं. बिया थुंकायची लाज वाटली म्हणून दोघंही बराच वेळ गाल फुगवून गप्प बसले.

*

तुम्ही विचाराल, एकाच मिरचीचे दोन रंग कसे? सांगतो.

फोनचं भिंग इवलंसं असतं, पण त्याच्यामागे एक फार हुशार मेंदू बसलेला असतो. तुम्ही एकदा दाबता, तो गुपचूप अनेक फोटो काढतो. त्यातलं चांगलं चांगलं वेचून एकत्र करतो, अंधार उजळतो, रंग खुलवतो. तुम्हाला काय आवडेल, हे तो आधीच ठरवून टाकतो. सोनमच्या कॅमेऱ्याला एवढं डोकं नव्हतं. समोर जे आहे ते तो घ्यायचा, बस्स. मात्र त्याचं भिंग कासवाच्या मानेसारखं बाहेर यायचं आणि दूरचं खरोखर जवळ आणायचं. फोनवर आपण बोटांनी चित्र ताणतो ना, ते भाकरी थापून मोठी करण्यासारखं असतं. भाकरी मोठी दिसते, पीठ तेवढंच राहतं.

पुढच्या बाजाराला धर्मेंद्रने डोंगरावरचं एक घर दाखवून सोनमला हे कबूल केलं. त्याच्या फोनमध्ये त्या घराचा नुसता पिवळट डाग झाला होता. तिच्या कॅमेऱ्यात दारातली शेळीसुद्धा दिसत होती. पण त्याच संध्याकाळी चहाच्या टपरीत, चुलीच्या उजेडात, तिच्या कॅमेऱ्याने दगा दिला. सगळं हललेलं, दाणेदार. फोनने मात्र किटलीतून निघणारी वाफसुद्धा टिपली. सोनमने नाक मुरडलं, आणि तो फोटो तिला मिळेल का, असं हळूच विचारलं.

फोटो पाठवायचा तर नंबर लागतो. असा नंबर गेला.

त्यानंतर प्रत्येक बाजाराला त्यांची काही ना काही तुलना निघायची. धावती मुलं, पाण्यावरचं ऊन, जीपच्या काचेतून दिसणारा घाट. कधी हा जिंकायचा, कधी ती. सोनमच्या कॅमेऱ्याला पेन्सिल सेल लागत आणि ते नेमके नको तेव्हा संपत. धर्मेंद्र ते आता टेबलाखालच्या डब्यात ठेवू लागला होता. गिऱ्हाइकाने मागितले तर नाहीत म्हणायचा. एकदा ते सोनमने ऐकलं. शाळेपर्यंतचा चढ त्या दिवशी तिला जाणवलाच नाही.

एकदा त्याने तिचा कॅमेरा मागून घेतला आणि पटकन बटण दाबलं. चित्र धूसर आलं.

"असं नाही," ती म्हणाली. "आधी अर्धंच दाबायचं. त्याला जरा बघू द्यायचं. मग..."

"मग?"

"मग पूर्ण."

"आणि तोपर्यंत काय करायचं?"

"थांबायचं. जमतं का तुम्हाला?"

तो बटण अर्धं दाबून थांबला. चौकटीत समोर तीच होती. तिला ते कळलं, आणि तिने वाऱ्याने न उडालेले केस उगाच कानामागे सारले. कॅमेऱ्याने बारीकसा आवाज करून सगळं स्पष्ट दिसतंय असं सांगितलं. तरी धर्मेंद्र थांबलाच होता...

*

दिवाळी झाली, आणि डोंगरातली माणसं दरवर्षीप्रमाणे ऊसतोडीला गुजरातकडे निघाली. सोनमची मोठी बहीण रमिलाबाई आणि तिचा नवराही टोळीबरोबर निघाले. बाजाराच्याच दिवशी, दिवस मावळायच्या सुमारास, त्यांचा ट्रक मोलगीहून सुटणार होता.

रमिलाबाईची मुलगी काजल सोनमच्याच वर्गात होती. वर्गात ती सोनमला 'बाई' म्हणायची आणि फाटकाबाहेर पाऊल पडताच 'मावशी'. दरवर्षी ती आईबापाबरोबर उसाच्या फडावर जायची आणि होळीला परतायची, तोवर शिकलेलं निम्मं विसरलेली असायची. आणखी एक वर्ष असं गेलं असतं तर ती शाळेत बहुधा परत आलीच नसती. अशी कितीतरी मुलं सोनमने पाहिली होती. पुष्कळ समजूत घातल्यावर काजल यंदा वसतिगृहात राहायला तयार झाली होती. तिची अट एकच होती. आईचा फोटो हवा. मोठा, कागदावरचा, पेटीच्या झाकणाला आतून चिकटवता येईल असा.

त्या दुपारी तिघी बाजारात आल्या. सोनमने पिशवीतून कॅमेरा बाहेर काढला होता. पण धर्मेंद्र लगबगीने पुढे आला, स्टूल पुसलं, मागे निळं कापड धरलं आणि म्हणाला, की ताईंचा फोटो मीच काढतो, माझ्याकडून काजलला भेट. त्याच्या चेहऱ्यावर इतका उत्साह होता, की सोनमने कॅमेरा पुन्हा पिशवीत ठेवला.

त्याने जीव ओतून काम केलं. फोटो काढला, मग बोटाने स्क्रीनवर बराच वेळ काहीतरी सारखं केलं. यंत्रातून कागद बाहेर आला तेव्हा त्याने तो दोन्ही हातांनी काजलसमोर धरला.

काजलने पाहिलं. मग आईकडे पाहिलं. मग पुन्हा कागदाकडे.

"ही कोण?"

"तुझी आई ना," धर्मेंद्र हसून म्हणाला.

"नाही."

तिने कागद टेबलावर पालथा ठेवला, आपलं बोचकं उचललं आणि सरळ ट्रककडे चालू लागली. बघता बघता ती मागच्या फळीवरून चढून पोत्यांवर बापाशेजारी जाऊन बसली.

सोनमने कागद उलटला. फोटोतली बाई सुंदर होती. गोरीपान, गुळगुळीत. रमिलाबाईच्या कपाळावर गोंदणाची एक उभी रेघ होती, दोन्ही भुवयांच्या टोकांशी ठिपके होते, हनुवटीवरही होते. फोटोत त्यातलं काहीच नव्हतं.

"डाग काढले मी," धर्मेंद्र चाचरत म्हणाला. "शहाद्याला लग्नाच्या फोटोत सगळेच... लोक मागून करून घेतात."

रमिलाबाईला मराठी थोडीच येत होती. ती घरच्या पावरी बोलीत बोलली, सावकाश, जराही आवाज न चढवता. "माझ्या आईने मला धरून ठेवलं होतं, तेव्हा हे गोंदलं. बाई मेली की अंगावरची चांदी काढून घेतात, बाबा. हे एवढंच तिच्याबरोबर जातं. ते तू काढलंस."

धर्मेंद्र पावरी बोलायचा अडखळत, पण त्याला कळायची सगळी. लहानपणी तो आजीच्या मांडीवर झोपायचा तेव्हा वर हात करून तिच्या हनुवटीवरच्या ठिपक्यांशी खेळायचा. तेच ठिपके आज त्याने डाग म्हणून पुसले होते. त्याने मान खाली घातली.

"चुकनं मन्हं," तो म्हणाला. मग तेच पावरीत म्हणाला, मोडकंतोडकं. मग सोनमकडे वळला. "मला अजून एकदा काढू द्या."

सोनम फार रागावली होती. त्याच्यावर होतीच, पण कॅमेरा पिशवीत परत ठेवणाऱ्या स्वतःवर जास्त. आणि ट्रकवर पोती चढत होती.

*

त्याने फोनमधली गोरं करायची सगळी बटणं बंद केली आणि फोटो काढला. पण ऊन डोंगराआड गेलं होतं. कमी उजेडात फोनचा तो हुशार मेंदू आपणहून कामाला लागला, आणि जुनं, फिकं पडलेलं गोंदण त्याने कातडीत मिसळून टाकलं. पुन्हा काढला, पुन्हा तेच.

सोनमने कॅमेरा घेतला. फ्लॅश चमकला, गोंदण लख्ख आलं, पण रमिलाबाईचे डोळे मिटलेले. दुसऱ्यांदाही मिटलेले. तिसऱ्यांदा तिने डोळे इतके ताणून ठेवले की आता कुणी अंगावर धावून येतंय असं वाटावं. स्वतः रमिलाबाईलाच हसू फुटलं. फ्लॅश बंद करून पाहिला, तर कमी उजेडात हातातला कॅमेरा जरासा हलला तरी चित्र हलत होतं.

ट्रकच्या ड्रायव्हरने हॉर्न दिला. पोत्यांवरून काजल त्यांच्याकडे बघत होती. तिचं बोचकं तिच्या मांडीवर होतं.

"कॅमेरा हातात धरायचाच नाही," सोनम एकदम म्हणाली. तिने रूपलीबाईंची मिरची मोजायची पाटी उपडी घातली, तिच्यावर कॅमेरा ठेवला. "पण उजेड पाहिजे. डोळ्यांत जाणार नाही असा. बाजूने."

धर्मेंद्रने फोनची बत्ती लावली, खिशातला पांढरा रुमाल तिच्यावर धरला आणि रमिलाबाईच्या डावीकडे गुडघ्यावर बसला. रुमालातून आलेला उजेड मऊ होता, दुधात भिजवल्यासारखा. त्या उजेडात गालाचं हाड उठून दिसलं, कपाळावरची रेघ दिसली, एकेक ठिपका दिसला.

"थोडं खाली," सोनम म्हणाली. "अजून... हां. आता हलू नकोस."

ती त्याला पहिल्यांदाच 'अरे-तुरे' करत होती. दोघांच्याही ते लक्षात आलं. पण धर्मेंद्र हलला नाही. तिने कॅमेऱ्याचा टायमर लावला, हात काढून घेतला आणि बहिणीला पावरीत विचारलं, आठवतं का, काजल पहिल्यांदा उसावर मुंगळ्यांशी भांडली होती?

रमिलाबाईच्या ओठांच्या कडेला हसू आलं, आणि कॅमेऱ्याने ते घेतलं.

कॅमेऱ्यातलं कार्ड फोनला जोडायचं छोटं साधन धर्मेंद्रच्या टेबलावर होतंच. चित्र फोनवर आलं. सवयीने त्याचा अंगठा पुढे झाला.

"काही करू नकोस," सोनम म्हणाली.

त्याने काहीच केलं नाही. त्याच्यासाठी सगळ्यात अवघड तेच होतं. यंत्र घरघरलं. फोटो जरा दाणेदार होता, एका गालावर सावली होती. पण त्यातून रमिलाबाई पाहत होती, दुसरं कुणी नाही.

तो कागद घेऊन तो स्वतः ट्रकपाशी गेला आणि टाचा उंचावून वर धरला. काजलने तो लगेच घेतला नाही. आधी नुसतं पाहिलं. मग हातात घेतला. तिचं बोट कपाळावरच्या रेघेवरून खाली आलं, हनुवटीवरच्या ठिपक्यांवर थांबलं. बाजूला येऊन उभ्या राहिलेल्या खऱ्या आईच्या हनुवटीकडे तिने निरखून पाहिलं, परीक्षेच्या आधी वही तपासून घ्यावी तसं.

"ही आहे," ती म्हणाली.

आणि तिने आपलं बोचकं खाली मावशीकडे फेकलं.

*

निघताना रमिलाबाईने खाली उतरलेल्या मुलीला पोटाशी धरलं, तिच्या केसांवरून हात फिरवला. मग ट्रकवर चढता चढता ती बहिणीला पावरीत म्हणाली, "होळीला आम्ही येऊ. तेव्हा याला घरी येऊ दे. चुकतो, पण सोडून पळत नाही."

"ताई, त्याला पावरी कळते," सोनम कानकोंडी होऊन म्हणाली.

"माहीत आहे," रमिलाबाई म्हणाली.

ट्रक निघाला आणि बाजाराच्या टोकाशी पुन्हा थांबला. टोळीतलं शेवटचं कुटुंब तिथे चढत होतं. इकडे दुकानांवरची कापडं उतरत होती, उरलीसुरली सीताफळं टोपल्यांत परत जात होती. धर्मेंद्र रुमालाची घडी घालत होता, उलगडत होता, पुन्हा घालत होता.

"मी येऊ?" अखेर तो म्हणाला. "होळीला... तुमच्या घरी. फोन शहाद्यालाच ठेवून येईन, वाटलं तर."

सोनम कॅमेऱ्याची दोरी मनगटाभोवती गुंडाळत होती. ती गुंडाळून संपली, तरी तिने वर पाहिलं नाही.

"फोन आण," ती म्हणाली. "नाहीतर उजेड कोण धरणार?"

"फक्त होळीला?"

"होळी लांब आहे..." आता तिने वर पाहिलं. "बाजार दर आठवड्याला भरतो."

तो हसला नाही. हसायचं विसरलाच होता. ती मात्र हसली. मग इतका वेळ आपल्याजवळ कुणीतरी उभं होतं आणि आता ते नाही, हे तिच्या ध्यानात आलं.

"काजल?"

काजल धावत होती. फोटो छातीशी धरून, वेण्या उडवत, ती ट्रकच्या दिशेने धावत सुटली होती.  सोनमने हाक मारली, धर्मेंद्र मागे पळाला, पण ती पोर डोंगरात पळायला शिकलेली, ती कुणाला सापडणार? तिने ट्रकची मागची फळी धरली. एक पाय वर ठेवला. मग दुसराही. आईचे दोन्ही हात तिच्याकडे झेपावले.

मुलांनो, आई समोर आहे, ट्रक सुरू होतो आहे, आणि होळीला अजून खूप अवकाश आहे. तुम्ही काय केलं असतं?

काजलने फळीवर उभं राहून आईच्या कानाशी तोंड नेलं. पण ती गोष्ट कानात सांगण्याजोगी नाहीच, असं तिला वाटलं असावं. कारण तिने मान वर केली आणि सगळ्या टोळीला, ड्रायव्हरला, रूपलीबाईंना आणि उरलेल्या अर्ध्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडून सांगितलं,

"आई, मावशी हो म्हणाली!"

मग तिने खाली उडी मारली आणि शाळेच्या वाटेला लागली.